बिनधुराची पंगत

"सूनबाई, निघायलाय का गं धूर?"

"नाही, मामा."

"नीट बघ. तुझे डोळे तरणे हायेत."

मी चहाची कपबशी त्यांच्या हातात दिली, पदर कपाळावर ओढला आणि पुन्हा नीट बघितलं. गल्लीपलीकडं, तीन घरं सोडून, ग्यानबाकाकांच्या स्वयंपाकघराचं धुराडं दिसत होतं. त्यावर एक साळुंकी बसली होती, अगदी निवांत.

"साळुंकी बसलीय," मी म्हणाले.

"मग चूल थंडच हाय!" मामांनी मांडीवर थाप मारली. "पेटली असती तर साळुंकी बसली असती का? जा, खाली सांग समद्यांना. ग्यानबाची चूल बंद हाय म्हणावं."

सकाळचे साडेसात वाजले होते. माझे सासरे नागोराव माळवदावर, म्हणजे आमच्या घराच्या मातीच्या सपाट छतावर, उजाडल्यापासून खुर्ची टाकून बसले होते. डोक्याला नवा पटका, हातात काळी छत्री, पायाशी पाण्याचा तांब्या. खाली अंगणात त्यांच्या एकुलत्या नातवाच्या, माझ्या समर्थच्या, जावळाचं गावजेवण शिजत होतं, पण आजोबांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांना फक्त धाकट्या भावाचं धुराडं बघायचं होतं. आता समर्थला मिसरूड फुटायला लागलंय, तरी ती सकाळ आठवली की मला आधी ती साळुंकीच दिसते.

आमच्या परभणीकडं मोठ्या जेवणाचं आवतण दोन तऱ्हेचं असतं. साध्या आवतणाला घरातल्या एकानं जाऊन जेवून यायचं. चूलबंद आवतण असेल तर त्या दिवशी घरात चूलच पेटवायची नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून तान्ह्या लेकरापर्यंत सगळ्यांनी यजमानाकडं जेवायचं. चूलबंद आवतण घेऊन ज्याच्या घरातून धूर निघाला, त्यानं यजमानाला भर चावडीत शिवी दिल्यासारखंच.

त्या जावळाच्या नऊ वर्षं आधी ग्यानबाकाकांच्या लेकीच्या लग्नाला असंच चूलबंद आवतण होतं, आणि लग्नाच्या सकाळी आठ वाजता आमच्या घरातून धूर निघाला. सगळ्या गावानं बघितला. मामा नवं धोतर नेसून बायकोला घेऊन मांडवात गेले, तर काका चारचौघांत म्हणाले, "ये दादा. घरी जेवूनच आला असशील." मामा आल्या पावली परत फिरले. तेव्हापासून दोघा भावांत एक शब्द नव्हता. शेताचा बांध एक, देवळाचा पार एक, पण एक आला की दुसरा उठून जायचा.

तो धूर कशाचा होता, हे माझ्या सासूबाई, आत्याबाई, नऊ वर्षं सांगत होत्या. "अगं, पाणी तापवलं होतं मी. आंघोळीचं पाणी! माघाची थंडी. लग्नाला जायचं तर माणसं पारुशी जातेत का?" हे त्यांनी मला सांगितलं, शेजारणींना सांगितलं, धार काढताना म्हशीला सांगितलं. ज्याला सांगायचं त्याच्याशी तर बोलणंच बंद.

समर्थचं जावळ आलं तसं मामांनी मनाशी ठरवलं. सिदराम गुरवाला दारोदार पाठवून सगळ्या गावाला चूलबंद आवतण दिलं, त्यात ग्यानबाकाकांच्या दारालाही.

"काय म्हणला त्यो?" मामांनी सिदरामला विचारलं.

"ऐकलं म्हणले."

"अजून?"

"अजून काय न्हाई. नुसतं, ऐकलं."

त्या एका 'ऐकलं'वर मामांनी चार दिवस काढले. सकाळी म्हणायचे, यायचंच नसतं तर दार लावून घेतलं असतं. संध्याकाळी म्हणायचे, यायचं असतं तर 'बरं' म्हणला असता. आम्ही सांगून पाहिलं की एकदा तुम्हीच जाऊन विचारा. ते म्हणाले, "त्यानं माझा धूर मोजला हुता, आता मी त्याचा मोजणार. चूल थंड राहिली तर भाऊ माझा. धूर निघाला तर आजपासून मी एकुलता एक."

एवढं बोलून त्यांनी माळवदावर खुर्ची नेली.

आता यातलं माझं पाप सांगते. त्याआधी दीड वर्ष मी गावातल्या सहा बायका जमवून कांड्यांचं मशीन टाकलं होतं. सोयाबीनचं भुस्कट, तुराट्या, पऱ्हाट्या, जे लोक रानात पेटवून मोकळे व्हायचे, ते आम्ही आणायचो, दळायचो आणि मशीनमध्ये दाबून खडूच्या तुकड्याएवढ्या कांड्या काढायचो. त्यात ना डिंक ना शेण. छोट्या पंख्याच्या शेगडीत घातल्या की जाळ एकसारखा, धूर नाही, भांडं काळं होत नाही, राख उरते मूठभर. हे मी गावोगाव सांगत फिरायचे आणि बायका विचारायच्या, "राख मूठभर? मग भांडी कशानं घासायची?" मामांनी तर पहिल्या दिवशी म्हशीची पेंड समजून एक कांडी दाताखाली फोडून बघितली होती.

पण धूर नाही, हे डोळ्यांनी बघितल्यावर मामा शेगडीपुढं उकिडवे बसले ते उठेचनात. "म्हंजी माझ्या घरातून परत कधीच धूर निघणार न्हाई?" त्यांनी तीनतीनदा विचारलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं घरातली जुनी चूल फोडली. जावळाचं सगळं जेवणही कांड्यांवर करायचं, हा त्यांचाच हुकूम. मोठी पंख्याची भट्टी मी परभणीहून मागवली होती.

यात पाप कुठं आलं? तर ते गोदाकाकूंच्या पोत्यात. गोदाकाकू म्हणजे ग्यानबाकाकांची बायको. सात महिन्यांपासून दर पंधरा दिवसांनी एक पोतं मी त्यांच्या परसदाराच्या भिंतीवरून आत सोडत होते. "डोळ्यांची आग थांबली बघ माय, खोकला गेला," त्या म्हणायच्या. "पर ह्यांना सांगितलंय, कांड्या परभणीहून येतेत. तुझ्या सासऱ्याला कळालं, तर मी तुझ्याशी बोलणं बंद करीन." आमच्या घराण्यात ही धमकी कुणी हसण्यावारी नेत नाही.

तेव्हा मामा ज्या धुराड्याकडं डोळे लावून बसले होते, त्यातून सात महिने धूर निघालाच नव्हता; एरवी मामा तिकडं बघतच नसत, म्हणून त्यांना कळलं नव्हतं. साळुंकीनं तिथं घरटं केलं होतं. काकांच्या घरात त्या सकाळी शंभर माणसांचा स्वयंपाक झाला असता तरी ती उठली नसती.

मी हे खाली जाऊन आत्याबाईंना सांगितलं. त्या कणीक मळत होत्या. त्यांनी हात थांबवला, वर बघितलं, म्हणाल्या, "आज बोलू नगंस. नऊ वर्षांनी हसलंय त्ये माणूस." आणि पुन्हा कणीक मळायला लागल्या.

नऊ वाजता बुंदी झाली. साडेनऊला वांग्याची भाजी उतरली. दहाला पहिल्या पंगतीच्या पत्रावळ्या मांडल्या, पाणी ठेवलं, उदबत्ती लावली, आणि कुणीच आलं नाही. साडेदहा झाले. पत्रावळ्यांवरून एक कोंबडी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. माझा नवरा बालाजी वाढायचं भांडं घेऊन उभा होता, तो हळूच खाली बसला.

बाबू आचारी भट्टीपाशी कमरेवर हात ठेवून उभा. "तीस वर्षं सयपाक करायलोय वहिनी, असं कधी झालं न्हाई. माझ्या भट्टीचा धूर बघून गाव धोतर बदलायला जातंय. आज मलाच कळंना, सयपाक चालू हाय का बंद."

इतक्यात वरून मामांचा आवाज आला.

"सूनबाई! पोस्टमनच्या घरातून धूर निघाला!"

मी जिना चढून वर गेले. पोस्टमनच्या घरातून खरंच धूर निघत होता. मागोमाग देवळामागच्या घरातून निघाला. मग वरच्या आळीत एक, दोन, चार. घटकाभरात सगळ्या गावावर धुराच्या शेंड्या उभ्या राहिल्या. सगळ्या गावानं आपापल्या चुली पेटवल्या होत्या. चूलबंद आवतण देऊन असा अपमान आमच्या पंचक्रोशीत कुणाचा झाला नसेल. मामा आता कोसळतात की काय, म्हणून मी त्यांची खुर्ची धरली.

मामा मात्र खुर्चीतून उठले, छत्री मिटली आणि तिनं ग्यानबाकाकांच्या धुराड्याकडं खूण केली. त्यांचा चेहरा फुलला होता.

"बघ. बघ पोरी. समदं गाव उलटलं माझ्यावर, एकशेचाळीस घरं उलटली, पर एक चूल थंड हाय. कुणाची?"

मी धरलेली खुर्ची सोडली.

"माझ्या भावाची! गाव गेलं खड्ड्यात. रक्त ते रक्तच." पटक्याच्या शेमल्यानं त्यांनी डोळे पुसले. "मी उगाच नऊ वर्षं त्याला वाईट म्हणलो गं."

मला आत्याबाईंचं ऐकायचं होतं, खरंच. पण ते माणूस असं खोट्यावर रडताना बघवेना.

"मामा, काकांच्या घरी कांड्या जाळतात. सात महिने झाले. मीच देते."

मामांनी डोळे पुसायचं थांबवलं.

"म्हंजी आत्ता चूल पेटलेली असू शकती?"

"असू शकते."

"आणि थंड बी असू शकती?"

"थंडही असू शकते."

ते पुन्हा धुराड्याकडं वळले. साळुंकी चोचीत काडी घेऊन आली आणि आत गेली. मामा खुर्चीत बसले, एकदम म्हातारे दिसायला लागले.

"मग आता मला कळायचं कसं, सुरेखा?"

ते मला नावानं कधीच हाक मारत नसत. मला रडू आलं. मी म्हणाले, "जाऊन विचारायचं, मामा."

"नऊ वर्षं विचारलं न्हाई. आता कोणत्या तोंडानं विचारू?"

तेवढ्यात खाली सिदराम गुरव आला, घाम पुसत. अंगणात शिजलेलं जेवण बघून त्याचे डोळेच विस्फारले. "आरं, हितं तर समदं तयार हाय! मालक, गावात उठलंय की जावळ मोडलं. नागोरावाच्या घरी धूर न्हाई, म्हंजी सयपाक न्हाई. मानसं वाट बघून बघून कटाळली, लेकरं रडायली, म्हनून बायांनी चुली पेटवल्या."

म्हणजे गाव आमच्या धुराची वाट बघत होतं आणि आम्ही गावाच्या धुरानं मेलो होतो. मी दीड वर्ष ज्या गोष्टीची जाहिरात केली, तीच आमच्या पंगतीवर उलटली होती.

मामा ताडकन उठले. माळवदाच्या कडेला येऊन त्यांनी खाली आरोळी ठोकली.

"धूर करा!"

"काय?" बाबू आचारी म्हणाला.

"धूर! सयपाकाला नगं, नुसता धूर. वेगळी चूल घाला. सिदराम, तू जा, आळीआळीत सांग, जेवण तयार हाय, धूर आत्ता निघंल. सूनबाई, तुझं वलं भुस्कट कुठं हाय?"

आदल्या आठवड्यात अवकाळीत भिजलेलं दोन गाड्या भुस्कट मी मशीनसाठी वाळत घातलं होतं. बिनधुराचं सरपण विकणारी मी, पदर खोचून, त्याच भुस्कटाचा अंगणाच्या कोपऱ्यात ढीग लावायला लागले. खाली आग, वर ओलं भुस्कट, त्यावर लिंबाचे हिरवे डहाळे. बालाजीनं गोठ्यातला ओला कडबा आणून टाकला. आधी काहीच होईना. आग विझायची आणि आम्ही पुन्हा फुंकायचो. बाबू म्हणाला, "पंखा लावा," तर पंखा लावल्यावर जाळ स्वच्छ झाला आणि धूर गेलाच. वरून मामा ओरडत होते, "देवळाच्या कळसाएवढा पायजे! आणखी टाका!" मग पंखा काढला आणि आणखी टाकलं.

अर्ध्या तासानं ढीग एकदम धरला. पांढरापिवळा, जाडजूड, दुलईसारखा धूर उठला. तो आधी सरळ वर गेला, कळसाच्या वर गेला, आणि मामांनी टाळ्या वाजवल्या. मग वारं फिरलं. सगळा धूर वळून घरावर आला. आधी गोठा दिसेनासा झाला, मग ओसरी, मग माळवद, आणि माळवदासकट मामा. त्यांचा नुसता खोकला ऐकू येत होता.

गल्लीत कुणीतरी किंचाळलं, "नागोरावाचं घर पेटलं!"

त्यानंतर गाव आलं. पण सिदरामनं सांगितलेल्या पंगतीसाठी नव्हे. घागरी, कळश्या, टोपली भरून माती घेऊन आलं. फाटक उघडायच्या आधीच भिंतीवरून एक माणूस आत उडी टाकून आला. कमरेला नुसता पंचा, अंग ओलं, एका कानाला साबणाचा फेस, हातात भरलेली बादली. धुरातून तो ओरडत आला, "दादा! दादा कुठं हाय? वहिनी, दादाला बाहेर काढा!"

ते ग्यानबाकाका होते.

त्यांनी बादली उचलून अर्धी त्या ढिगावर मारली. थोडं पाणी बाबू आचाऱ्याच्या पायावर पडलं आणि बाबू एका पायावर नाचायला लागला.

"भाजलं! आगं आई गं, भाजलं!"

"पाण्यानं कसं भाजतंय, येड्या?" बालाजी म्हणाला.

"हात घालून बघ! कडकडीत हाय!"

अंगणात आलेली माणसं जागच्या जागी थांबली. घागरी खाली ठेवायलाही कुणी वाकेना. पाणी कडकडीत आहे, म्हणजे ते चुलीवरून उतरलेलं. म्हणजे चूलबंद आवतणाच्या दिवशी ग्यानबाच्या घरात चूल पेटली होती. हे सगळ्यांना एकदमच उमगलं, काकांनाही उमगलं. त्यांनी बादलीकडं बघितलं, मग आपल्या उघड्या अंगाकडं बघितलं, आणि मान खाली घातली. फाटकातून गोदाकाकू धापा टाकत आल्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मीच म्हणले," त्या माझ्याकडं बघून पुटपुटल्या, "धूर तर निघत न्हाई, कुणाला कळतंय."

आत्याबाई ओसरीवरून उतरल्या. हाताला कणीक तशीच. गर्दीतून त्या सावकाश चालत बादलीपाशी आल्या, वाकल्या आणि त्यांनी चार बोटं पाण्यात बुडवली. पाणी चांगलंच पोळलं असेल, पण त्यांनी बोटं काढली नाहीत.

"भावजी, हे काय हाय?"

काकांनी पंचा सावरला.

"मी इचारायले, हे काय हाय?"

"पाणी," काका म्हणाले.

"कशाला तापवलं?"

"आंघोळीला."

"आज? एवढ्या उशिरा? कुठं निघाला हुता?"

काकांनी कानाचा फेस पुसला. साठीचं ते माणूस शाळेतल्या पोरासारखं पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होतं. "सकाळपसून ठरंना, यावं का न यावं. सिदरामनं सांगितलं, जेवण तयार हाय. म्हणलं, जायचं तर पारुसं कसं जावं?" त्यांनी मान वर केली. "तुमच्याकडंच निघालो हुतो, वहिनी."

"मी बी तुमच्याकडंच निघाले हुते भावजी," आत्याबाई म्हणाल्या. "नऊ वर्षांमागं."

बोटं बादलीतून काढून त्यांनी पदराला पुसली. काकांनी त्यांच्या पायाला हात लावला, तर त्या मागं सरकल्या आणि म्हणाल्या, "आधी अंगावर काहीतरी घाला." मी आतून मामांचं नवं धोतर आणून दिलं.

ढीग अजून धुमसतच होता. माळवदावर अजून काहीच दिसत नव्हतं. पहाटेपासून जे बघायला मामा वर बसले होते, ते खाली घडून गेलं होतं आणि त्यांना त्यांच्याच धुरानं काही दिसलं नव्हतं. खोकल्याची एक उबळ आली, ती थांबली, आणि धुरातून त्यांचा आवाज आला, भिऊन भिऊन विचारल्यासारखा.

"सूनबाई, मला काय दिसंना गं. ग्यानबाच्या घरातून धूर निघाला का?"

मी काकांकडं बघितलं. काकांनी धोतराचा सोगा सावरला, जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वर तोंड करून म्हणाले,

"न्हाई निघाला, दादा. मी खालीच हाय."